एक नट, दोन अशोक

रंगभूमीवर जुळे भाऊ दाखवावयाचे तर दोन नट लागतात. शेक्सपिअरच्या 'कॉमेडी ऑफ एरर्स'मध्यें धनी जुळे, त्यांचे नोकरही जुळे. म्हणजे चार नट आले. त्यांचे चेहरे निराळे आहेत हें प्रेक्षकाला दिसतें, पण ते सारखे आहेत असें तो समजुतीनें मानून घेतो. चित्रपटांत हा प्रकार उलटतो. तेथें एकच नट दोघांचें काम करतो; चेहरा खरोखरीच एक, आणि मग पात्रांबरोबर प्रेक्षकही फसण्याचें भय उत्पन्न होतें. प्रेक्षक फसला कीं विनोद संपला. कारण पात्रांना जें ठाऊक नाहीं तें आपणांस ठाऊक आहे, यांतच सारी गंमत.

१९८२ सालचा गुलजार यांचा 'अंगूर' हा हिंदी चित्रपट या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. कथा नवी नव्हती. ईश्वरचंद्र विद्यासागरांनीं १८६९ मध्यें ती 'भ्रांतिविलास' या नांवानें बंगालींत आणली. १९६३ मध्यें तिच्यावर उत्तमकुमार यांचा बंगाली चित्रपट निघाला आणि १९६८ मध्यें किशोरकुमार यांचा 'दो दूनी चार'. या हिंदी चित्रपटाचें लेखन गुलजार यांचेंच. पण तो चालला नाहीं. चौदा वर्षांनीं त्यांनीं तीच कथा पुन्हा हातीं घेतली. नापास झालेला विद्यार्थी पुन्हा परीक्षेस बसावा तसा हा प्रकार. मात्र या खेपेस अभ्यास पुरा होता.

दोन्ही अशोक संजीवकुमार यांच्याकडे, दोन्ही बहादूर देवेन वर्मा यांच्याकडे. संजीवकुमारांनीं १९७४ मध्यें 'नया दिन नई रात' या चित्रपटांत नऊ भूमिका केल्या होत्या. (तोही शिवाजी गणेशन यांच्या १९६४ सालच्या 'नवरात्रि' या तामिळ चित्रपटाचाच नवा अवतार.) तेथें रंगभूषा व वेषभूषा मदतीला हजर होत्या. 'अंगूर'मध्यें तो आधारच काढून घेतलेला. त्या नऊ सोंगांहून हीं दोन अधिक अवघड होत.

गांवांतला अशोक संसारी. बायकोच्या हाराच्या तगाद्यानें कावलेला. परगांवाहून आलेला अशोक गुप्तहेरांच्या कादंबऱ्यांचा शौकीन, जवळ पैसा बाळगणारा. अनोळखी स्त्री त्याला नवरा समजून घरीं नेऊं लागतांच त्याला लुटारूंच्या टोळीचा वास येतो. तिची माया जितकी वाढते तितका त्याचा संशय बळावतो. एक अशोक चिडतो, दुसरा भितो. एवढ्यावरून कोण कोणता तें ओळखूं येतें. आपण विनोद करीत आहों असें संजीवकुमार कोठेंही भासूं देत नाहींत. त्या बिचाऱ्यावर खरेंच संकट आलें आहे, म्हणूनच हसूं येतें.

देवेन वर्मा पुण्यांत वाढलेले. २०१४ मध्यें ते पुण्यांतच वारले. भज्यांत भांग कालवणारा त्यांचा बहादूर चेहऱ्यावरची रेषाही हलूं देत नाहीं. या कामाबद्दल त्यांना फिल्मफेअरचें विनोदी नटाचें पारितोषिक मिळालें, तें योग्यच झालें.

कॅमेरा अचल ठेवून भिंगाचा अर्धा भाग झांकावयाचा, मग फिल्म मागें गुंडाळून उरलेला अर्धा टिपावयाचा, ही एका नटाचे दोन करण्याची जुनी युक्ति. या कथेला तिची फारशी गरज पडत नाहीं, कारण जुळे समोरासमोर येतात ते अगदीं अखेरीस. ते भेटतात, गुंता सुटतो, आणि चित्रांतला शेक्सपिअर प्रेक्षकांकडे पाहून डोळा मिचकावतो.