पैशांचं शिक्षण: शाळेचं काम की आईबाबांचं?

आजचा प्रश्न: मुलांना पैशांचं शिक्षण कुणी द्यायचं, शाळेने की आईबाबांनी?

आधी माझंच सांगतो. मी कोपरखैरण्यात वाढलो. बाबा वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये माथाडी कामगार. मी आठवीत असताना त्यांच्या ओळखीचे एक काका घरी आले. म्हणाले, १ लाख गुंतवा, महिन्याला ५ हजार घ्या. मी त्याच खोलीत चक्रवाढ व्याजाची गणितं सोडवत होतो. पण वहीतलं गणित आणि काकांचं बोलणं यांचा काही संबंध आहे, हे डोक्यातच आलं नाही. आलं असतं तरी मोठ्यांच्या बोलण्यात पडायची सोय नव्हती.

चार महिने पैसे आले. पाचव्या महिन्यात काकांचा फोन बंद. ८० हजार बुडाले. माझी फी आईच्या भिशीतून भरली. आणि त्या चाचणीत व्याजाच्या गणितांना मला पैकीच्या पैकी मार्क होते बरं का!

महिन्याला ५ टक्के म्हणजे वर्षाला ६० टक्के. बँकेची एफडी देते त्याच्या कितीतरी कमी. मग हे जादाचे पैसे येणार कुठून? एवढंच विचारायचं होतं.

हे जुनं झालं असं समजू नका. जानेवारी २०२५ मध्ये टोरेस प्रकरण बाहेर आलं. त्यांची शाखा आपल्या नवी मुंबईतही होती. तिथे तर दर आठवड्याला परतावा द्यायचं आश्वासन होतं. आठवड्याला ६ टक्के धरले, तरी वर्षाला ३०० टक्क्यांच्या वर जातं! रांगेत उभ्या राहिलेल्या कितीतरी जणांनी शाळेत शेकडेवारी शिकलेली असणारच.

"आईबाबांनीच शिकवावं" म्हणणाऱ्यांना मी विचारतो, माझ्या बाबांना कुणी शिकवलं होतं? २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात जेमतेम २७ टक्के प्रौढ आर्थिकदृष्ट्या साक्षर निघाले. सगळं घरावर सोडलं, तर घराची चूकच मुलाच्या वाट्याला येते. म्हणून पाया शाळेनेच घालायला हवा. व्याजाच्या धड्यासोबत एखाद्या फसव्या स्कीमची जाहिरात फळ्यावर लावा, मुलांना हिशोब करू द्या.

पण सराव घरीच होतो. महिन्यातून एकदा लाइट बिल, ईएमआय, भिशी, सगळं मुलांसमोर मांडा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार १० वर्षांवरचं मूल स्वतःचं बचत खातं चालवू शकतं, बँकेने घातलेल्या मर्यादेत. ते उघडून द्या.

आणि आपण, मधल्या पिढीने? आईबाबांच्या व्हॉट्सॲपवर स्कीम आली की हसू नका. शेजारी बसा, वर्षाचा टक्का काढून दाखवा, रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर ती कंपनी शोधा. त्या रात्री मी गप्प बसलो. तुम्ही बसू नका.

चला, भेटू पुढच्या भागात!