चारशे ग्रॅमची माणुसकी
(सोलापूर येथे हुतात्मा दिनानिमित्त भरलेल्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)

१२ जानेवारी हा सोलापूरच्या चार हुतात्म्यांचा दिवस. या दिवशी स्फोटक गोळ्यांच्या इतिहासाचा विषय अभ्यासवर्गात का घ्यावा, असा प्रश्न काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, राज्यकर्त्यांनी परस्परांना मारताना कोणती मर्यादा पाळावी आणि रयतेला मारताना कोणती पाळू नये, याचा हिशेब या इतिहासात जितका स्वच्छ दिसतो तितका क्वचितच दुसरीकडे दिसतो.

या कथेतील एक महत्त्वाचे पात्र आपल्याच जुन्या मुंबई इलाख्यातील आहे. जॉन जेकब हा मुंबईच्या तोफखान्यातील अधिकारी. सिंधमध्ये ज्या गावाला पुढे त्याचे नाव मिळाले त्या जेकबाबादेत त्याने १८५० च्या दशकात स्वतःच्या खर्चाने प्रयोग केले. गोळीच्या टोकात आघाताने पेटणारी दारू भरावयाची आणि दोन हजार यार्डांपर्यंतच्या अंतरावरून ती शत्रूच्या दारूगोळ्याच्या पेट्यांवर सोडावयाची, ही त्याची कल्पना. पेटी उडाली की तोफ मुकी होते. म्हणजे मुळात ही गोळी माणसासाठी नव्हती, सामानासाठी होती. १८५८ साली जेकब वारला. त्याच्या नावाची रायफल फौजेत रुजली नाही, मात्र स्फोटक गोळ्या वाघ-हत्तींच्या शिकारीत काही काळ वापरात राहिल्या.

माणसावर तिचा प्रयोग अमेरिकेतील यादवी युद्धात झाला. जनरल ग्रँट याने आपल्या आठवणींत या गोळीला रानटी ठरविले आहे. त्याचे कारण सेनापतीला साजेसे आहे. तिच्यामुळे यातना वाढतात, पण ती वापरणाऱ्याच्या पदरात त्या प्रमाणात काहीच पडत नाही, असे तो म्हणतो.

याच सुमारास रशियाने कठीण वस्तूवर आदळून फुटणारी गोळी तयार केली होती. १८६७ मध्ये तिच्यात सुधारणा होऊन ती मऊ वस्तूवर, म्हणजे माणसाच्या अंगावरही, फुटू लागली. युद्धमंत्री मिल्युतिन याने ती वापरण्याऐवजी सर्वांनीच वर्ज्य करावी असे सुचविले. शस्त्रस्पर्धेचा खर्च रशियाला पेलणारा नव्हता, हेही त्यामागचे एक कारण असावे. डिसेंबर १८६८ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे घोषणापत्र झाले. चारशे ग्रॅमपेक्षा कमी वजनाचा, स्फोटक किंवा ज्वालाग्राही द्रव्य भरलेला प्रक्षेप युद्धात वापरावयाचा नाही, असे ठरले.

हा चारशेचा आकडा कोठून आला? रायफलची गोळी तोळ्या-दोन तोळ्यांची. पुढच्या काळातील थ्री-नॉट-थ्रीची गोळी सुमारे १४ ग्रॅमची होती. तेव्हा चारशे ग्रॅमच्या खाली व्यवहारात सगळ्या बंदुका आल्या आणि वर सगळ्या तोफा सुटल्या. यामागील तर्क असा. युद्धाचा न्याय्य हेतू शत्रूचे सैन्य दुबळे करणे एवढाच. गोळी एका माणसाला लागते आणि साधी गोळीही त्याला निकामी करते. आत पुन्हा स्फोट झाला तर सैन्याची जास्त हानी होत नाही, फक्त त्या एका जिवाचे हाल वाढतात. तोफेचा गोळा दहांना लोळवतो, म्हणून तो चालेल. एकाचे हाल निषिद्ध, दहांचे मरण विधिसंमत! तरीही या घोषणापत्राची थट्टा करून भागणार नाही. युद्धातही सर्व काही क्षम्य नसते, हे राज्यांनी तेथे लेखी मान्य केले. पुढच्या युद्धविषयक कायद्याच्या पायातला तो एक दगड आहे.

पण त्यात एक पळवाट होती. ते बंधन सही करणाऱ्या राष्ट्रांच्या आपापसांतील युद्धापुरते होते. ज्यांना राष्ट्र म्हणून सही करण्याचा अधिकारच उरला नव्हता, त्यांचे काय? या प्रश्नाचे उत्तर कलकत्त्याजवळच्या दमदम येथे मिळाले. जानेवारी १८५७ मध्ये चरबी लावलेल्या काडतुसांची कुजबूज जेथून पसरली, तेच हे दमदम. १८९५ च्या चित्रळच्या मोहिमेनंतर ली-मेटफर्ड रायफलची बारीक गोळी पठाणाला जागच्या जागी पाडत नाही, अशी गोऱ्या अधिकाऱ्यांची तक्रार होती. तेव्हा कॅप्टन बर्टी-क्ले याने गोळीच्या टोकावरील धातूचे वेष्टन काढून आतले शिसे उघडे ठेवले. अंगात शिरताच ती पसरू लागली. १८९७-९८ च्या तिराहच्या मोहिमेत ती आफ्रिदींवर वापरली गेली. १८९८ मध्ये सुदानात गोऱ्या शिपायांनी साध्या गोळ्यांची टोके कानशीने घासून तोच परिणाम साधला.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. दमदमची गोळी फुटत नाही, ती पसरते. तिच्यात दारू नसते. म्हणून १८६८ चे घोषणापत्र अक्षरशः तिला लागू नव्हते. १८९९ च्या हेग परिषदेत तिच्यावर बंदी घालण्याचा प्रश्न आला तेव्हा ब्रिटन आणि अमेरिका यांनी विरोधी मत दिले. ब्रिटनचे प्रतिनिधी सर जॉन अर्डा यांचे म्हणणे असे की, सुधारलेला शिपाई जखमी होताच थांबतो, पण रानटी माणूस दोन-तीन गोळ्या खाऊनही अंगावर धावून येतो. म्हणजे ज्याचा देश लुटला त्याने देशासाठी न थांबणे हाच त्याच्या रानटीपणाचा पुरावा ठरला! त्याच वर्षी गोऱ्या बोअरांशी युद्ध जुंपले, तेव्हा मात्र पसरणारी काडतुसे मागे घेण्यात आली. त्याला तांत्रिक कारणेही होती. पण पठाणांच्या बाबतीत जो संकोच आड आला नाही तो बोअरांच्या बाबतीत आड आला, ही गोष्ट लपत नाही. ब्रिटनने हेगची बंदी मान्य केली ती १९०७ मध्ये.

मग स्फोटक गोळी खरोखर कितपत उपयुक्त होती? लष्करी दृष्टीने पाहिले तर फारच थोडी. एवढ्याशा गोळीत ग्रॅमभरही स्फोटक मावत नाही. ती महाग पडते, साठविण्यास धोक्याची असते, कधी वेळेआधी फुटते, तर आडोसा भेदण्यात साध्या गोळीहून उणी ठरते. तिचा खरा उपयोग झाला तो हायड्रोजनने भरलेल्या जर्मन हवाई जहाजांविरुद्ध. साध्या गोळीने त्यांना नुसती भोके पडत. सप्टेंबर १९१६ मध्ये लेफ्टनंट लीफ रॉबिन्सन याने लंडनजवळ असे एक जहाज स्फोटक व ज्वालाग्राही गोळ्यांनी पेटवून पाडले. म्हणजे जेकबचाच मूळ हेतू येथे सफल झाला, माणूस नव्हे तर सामान. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियाच्या आणि दुसऱ्यात जर्मनीच्या फौजांकडे नेम तपासण्यासाठी म्हणून फुटणारी काडतुसे होती, आणि ती माणसांवरही झाडली गेली. पण त्यांच्यामुळे युद्धाचा निकाल बदलला नाही. शिवाय वेगवान साधी गोळीही अंगात कलंडली की भयंकर जखम करते. शत्रूने स्फोटक गोळ्या वापरल्याचे आरोप अनेक युद्धांत झाले, त्यांतील कित्येक जखमा साध्या गोळ्यांच्याच होत्या.

येथे आपल्या विषयाचे मर्म येते. १३ एप्रिल १९१९ रोजी जालियनवाला बागेत १६५० फैरी झाडल्या गेल्या आणि सरकारी आकड्यानुसार ३७९ माणसे मेली. गोळी कोणत्या जातीची, हा प्रश्न तेथे गौण होता. बाहेर पडण्याची वाट अडवून नि:शस्त्र जमावावर ती झाडली गेली, हा प्रश्न होता. सोलापुरातही तेच. महात्माजींच्या अटकेनंतर या गिरण्यांच्या गावात ८ मे १९३० रोजी पोलिसांनी गोळीबार केला. शंकर शिवदारे हा तरुण बळी पडला. १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिले. सेंट पीटर्सबर्ग आणि हेग येथील करारांत सोलापूरकरासाठी एक शब्दही नव्हता. कारण ते करार युद्धासाठी होते आणि साम्राज्याच्या लेखी हे युद्धच नव्हते, हा ‘बंदोबस्त’ होता.

हा भेद आजही पुसलेला नाही. पसरणाऱ्या गोळ्या युद्धात निषिद्ध आहेत, पण अनेक देशांत पोलीस त्या वापरतात. गोळी आरपार जाऊन मागच्या माणसाला लागू नये, असे त्याचे समर्थन केले जाते आणि ते अगदीच पोकळ नाही. परंतु जमावावर गोळी चालवावी की नाही, या प्रश्नाला ते उत्तर नव्हे. बेकायदा जमाव बळाने पांगविण्याचा अधिकार १८९८ च्या फौजदारी संहितेतून १९७३ च्या संहितेत आणि तेथून २०२३ च्या नागरिक सुरक्षा संहितेत चालत आला आहे. संहितेचे नाव बदलले, अधिकार राहिला.

समाजवादी चळवळीने या प्रश्नाची किंमत स्वतःच्या घरात मोजली आहे. ऑगस्ट १९५४ मध्ये त्रावणकोर-कोचीनमध्ये प्रजा समाजवादी पक्षाचे पट्टम थानू पिल्ले मुख्यमंत्री असताना पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. पक्षाचे सरचिटणीस डॉ. राममनोहर लोहिया त्या वेळी तुरुंगात होते. त्यांनी तेथून स्वपक्षाच्याच मंत्रिमंडळाचा राजीनामा मागितला. मंत्रिमंडळ हटले नाही, लोहियांनी सरचिटणीसपद सोडले, आणि १९५५ च्या अखेरीस पक्ष दुभंगला. ती फूट चळवळीला महाग पडली, हे खरे. सरकार चालवायचे तर कधी कठोर व्हावेच लागते, हा विरोधकांचा मुद्दाही तुच्छतेने झटकण्यासारखा नव्हता. पण नि:शस्त्र माणसावर गोळी झाडणाऱ्या राज्यकर्त्याने प्रथम खुर्चीवरून उठावे आणि मग चौकशीला सामोरे जावे, हा मानदंड त्या भांडणातून उभा राहिला.

साथींनो, राजेरजवाड्यांनी १८६८ साली आपल्या शिपायांसाठी चारशे ग्रॅमची रेघ ओढली. ती अपुरी होती, तरी ओढली. प्रजेसाठी तशी रेघ कोणी ओढली नाही, ती प्रजेलाच ओढावी लागेल. प्रत्येक गोळीबाराची न्यायालयीन चौकशी झाली पाहिजे. तिचा अहवाल मुदतीत प्रसिद्ध झाला पाहिजे. जबाबदारी शिपायापाशी न थांबता हुकूम देणाऱ्यापर्यंत पोहोचली पाहिजे. आणि सत्तेवर कोणीही असो, आपले असोत वा परके, ही मागणी त्याच आवाजात झाली पाहिजे. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार घालणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्यावर ही जबाबदारी येते.