सुटीतील शेजारधर्म

(दिवाळीच्या सुटीपूर्वी गोव्यातील एका प्राथमिक शाळेच्या पालकसभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



दिवाळी तोंडावर आली आहे. मुले नरकासुराच्या सांगाड्याला कागद चिकटवू लागली आहेत. परंतु याच शाळेच्या पटावर अशीही मुले आहेत, की ज्यांच्या दृष्टीने शाळा बंद होणे म्हणजे दुपारचे खाणे बंद होणे होय. शाळेत शिजविलेले अन्न द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली दिला. आपल्याकडे महिला स्वयंसाहाय्य गटांची पाव-भाजी मुलांच्या हाती पडते. तिच्याविषयी तक्रारी असतात, नाही असे नाही. पण सुटीत तीही नसते. दुष्काळी भागांत उन्हाळ्याच्या सुटीतही मुलांना जेवण द्यावे, असे त्याच न्यायालयाला २००४ साली सांगावे लागले होते.

दुसरी उणीव सहसा ध्यानी येत नाही. बांधकामावर राबणारी अनेक कुटुंबे उत्तर कर्नाटकातून आलेली आहेत. त्यांची मुले आपल्या मराठी शाळांत शिकतात. किंबहुना काही शाळांचे वर्ग त्यांच्यामुळेच भरलेले दिसतात. घरी मात्र कन्नड बोलले जाते. शाळा मिटली की मराठी पुस्तकाशी त्यांचा संबंधच तुटतो.

गतवर्षी मी सहकुटुंब आमच्या घरामागील बांधकामावर गेलो. सोबत फराळाचे डबे होते आणि, खात्याची सवय म्हणून, कॅमेराही होता. मी तो उचलताच एका मातेने मुलाचे तोंड पदराने झाकले. इतकी वर्षे प्रसिद्धीचे काम करणाऱ्या मला त्या क्षणी फार ओशाळल्यासारखे झाले.

दुसऱ्या दिवशी कॅमेरा घरी ठेवला आणि दोन गोष्टींची पुस्तके नेली. सहावीतली माझी मुलगी वाचू लागली. तिसरीतला एक मुलगा ओळीखाली बोट धरून वाचे, जोडाक्षरापाशी अडे. त्याने वाळूत तिचे नाव कन्नड लिपीत काढून दाखविले, तेव्हा वाचता न येण्याची पाळी आमच्यावर आली! मग रोज सकाळी एक तास ठरला. निघताना पत्नी घरी केलेलेच पोहे सर्वांना देई, आणि आमची मुलेही त्याच पंगतीत बसत.

भाऊबीजेला आम्ही माझ्या सासुरवाडीस गेलो. कोणास सांगितले नाही. ती मुले वाळूच्या ढिगावर दुपारपर्यंत बसून राहिली होती, हे दुसऱ्या दिवशी कळले. म्हणून माझी विनंती अशी की, चारच दिवस जमणार असतील तर चारच दिवस सांगावेत, पण ते पाळावेत.

मुख्याध्यापकांना व मुलांच्या आईवडिलांना विचारल्यावाचून काही आरंभू नये. कोणत्याही मुलास एकट्याने आपल्या घरी नेऊ नये. हे उघड्यावर, चारचौघांसमक्ष चालावयाचे काम आहे. एखादे मूल कामाला जुंपलेले किंवा मारहाण झालेले आढळल्यास १०९८ या क्रमांकावर कळवावे. तेथे रात्रीबेरात्रीही दाद घेतली जाते. देवळाचा मंडप सोयीचा खरा, परंतु काही मुले अन्यधर्मीय आहेत, तेव्हा शाळेची ओसरी बरी. तिच्या किल्लीविषयी मी मुख्याध्यापकांशी मघाशीच बोललो आहे. ज्या कुटुंबांना यावयाचे असेल त्यांनी सभा संपल्यावर आपले दिवस त्यांच्या वहीत लिहून द्यावेत. पहिले दोन दिवस आमच्या घराकडे मांडावेत.