हाकेला ओ



आज ज्या भीतीबद्दल बोलणार आहे, ती सहसा कुणी कुणाला सांगत नाही. पैशाची, परीक्षेची, आजारपणाची काळजी माणूस चारचौघांत बोलून दाखवतो. पण ‘समोर दिसतंय ते जग खरंच आहे ना? की सगळं माझ्याच मनात चाललंय? आई, मित्र, हा रस्ता, हे सगळे माझ्याच डोक्यातले खेळ तर नाहीत?’ हा प्रश्न घेऊन कुणाकडे जायचं? लोक हसतील, नाहीतर वेड लागलं म्हणतील, या धास्तीनं मुलं महिनोन्‌महिने गप्प राहतात. मी तत्त्वज्ञान शिकवते. वर्गात हा प्रश्न निघतो तेव्हा बहुतेकांना त्याची गंमत वाटते, पण एखाद्याचा चेहरा उतरतो. आजचं बोलणं त्या एखाद्यासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी आहे.

नांदेड, परभणी, लातूरकडची कितीतरी मुलं-मुली सॉफ्टवेअरचे कोर्स करायला हैदराबादला येतात आणि अमीरपेटच्या हॉस्टेलांत राहतात. एका खोलीत चार-पाच खाटा, खिडकी उघडली की समोर दुसऱ्या इमारतीची भिंत. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत लॅपटॉप, जेवणाचा पत्ता नाही, झोपेचा त्याहून नाही. अशातच एखाद्या संध्याकाळी मेट्रोच्या जिन्यावरून उतरताना अचानक आजूबाजूचे आवाज लांब गेल्यासारखे होतात. माणसं चालताहेत, पण पडद्यावर चालल्यासारखी. दुकानांच्या पाट्या नको इतक्या ठळक, आणि तरी सपाट, रंगवलेल्या. कठड्यावरचा हात आपलाच, पण आपला वाटत नाही. छाती धडधडू लागते, आणि त्या धडधडीत तो प्रश्न उगवतो: हे खरं आहे का?

यातला क्रम मला महत्त्वाचा वाटतो. प्रश्नानं माणूस घाबरला, असं बाहेरून दिसतं. पुष्कळदा घडलेलं असतं उलट. शरीर आणि मन आधी थकलेलं, भेदरलेलं असतं. त्यामुळे जग परकं वाटू लागतं, आणि त्या परकेपणाला शोभेल असा प्रश्न मन शोधून काढतं. मग प्रश्नामुळे भीती वाढते, भीतीमुळे परकेपणा वाढतो, आणि परकेपणा त्या प्रश्नाचा पुरावा वाटू लागतो.

या अनुभवाला मानसशास्त्रात नावं आहेत. जग खोटं वाटणं म्हणजे डीरियलायझेशन, आणि आपण स्वतःच स्वतःला परके वाटणं म्हणजे डीपर्सनलायझेशन. यातली दुसरी संज्ञा फ्रान्समध्ये ल्युदोविक द्युगा यांनी 1898 साली वापरात आणली. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीही माणसं हेच सांगत होती: काचेमागून बघतोय, स्वप्नात चालतोय, सगळं नाटकातलं वाटतंय. क्षणभर, तासभर असं वाटणं अगदी सर्रास आहे. जागरण, प्रवास, ताप, अपघात, जवळच्या माणसाचा मृत्यू, यांनंतर पुष्कळांना असं एकदा तरी वाटतं. गांजा ओढल्यावर सुरू झालं असं सांगणारेही बरेच असतात. आजार म्हणावा इतकं ते टिकून राहतं ते शंभरात एक-दोघांना. सुरुवात होण्याचं सरासरी वय सोळाच्या आसपास, म्हणजे नेमकी दहावी-बारावीची, घर सुटण्याची वर्षं.

असं का होतं, याचं एक स्पष्टीकरण मला पटतं. संकट असह्य झालं की मेंदू भावनांचा आवाज खाली आणतो, म्हणजे माणूस कोसळत नाही. पण भावनांचा आवाज बंद झाला की आईचा चेहरा नुसता चेहरा उरतो आणि ओळखीची गल्ली नुसती गल्ली. डोळ्यांना सगळं दिसतं, ते आपलं मात्र वाटत नाही. आणि जे आपलं वाटत नाही, ते खोटं असावं असा निष्कर्ष मन काढतं. तो निष्कर्ष चुकीचा आहे. बदल जगात झालेला नसतो, जग जाणवण्याच्या आपल्या पद्धतीत झालेला असतो.

यात मोठा दिलासा आहे तो असा. ‘मला असं वाटतंय’ हे ज्याला कळतं, त्याचं भान शाबूत असतं. जग खोटं आहे अशी ज्याची ठाम खात्री पटलेली आहे, आणि ते खोटं वाटतंय म्हणून जो घाबरलाय, या दोघांच्या अवस्था अगदी वेगळ्या आहेत. डॉक्टर निदान करताना हा फरक आवर्जून बघतात. ‘मला वेड लागतंय का?’ असं घाबऱ्याघुबऱ्या विचारणाऱ्याला या फरकाबद्दल कुणी वेळेवर सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. आपल्याकडे वेडाच्या शिक्क्याची भीती मूळ दुखण्यापेक्षा मोठी. निजामाच्या राज्याचं मनोरुग्णालय एके काळी जालन्याला होतं. 1953 साली ते हैदराबादेत एर्रगड्ड्याला आलं, आणि या शहरात एर्रगड्डा हे नाव टोमण्यासारखं वापरलं जाऊ लागलं. जालना काय, हैदराबाद काय, ज्या गावानं दुखणाईतांना आसरा दिला त्याच्याच नावानं हिणवायचं, ही रीत आता आपण सोडली पाहिजे.

आता प्रश्नाकडे वळते, कारण प्रश्न मुळात खुळचट नाही. अकराव्या शतकात जन्मलेल्या इमाम गझाली या थोर विद्वानानं आपली कहाणी लिहून ठेवली आहे. डोळ्यांवर विश्वास ठेवावा तर डोळे फसवतात, बुद्धीवर ठेवावा तर बुद्धीलाही खोटं पाडणारं काही असू शकेल, स्वप्नात तरी सगळं खरंच वाटत असतं ना! या विचारात ते जवळजवळ दोन महिने बुडाले होते, आणि त्या अवस्थेला त्यांनी आजार असंच म्हटलं. युक्तिवाद करून आपण बाहेर आलो, असा दावा त्यांनी केला नाही. ईश्वरानं अंतःकरणात प्रकाश टाकला आणि मन पुन्हा ताळ्यावर आलं, असं ते सांगतात. स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूमचंही पाहा. ऐन विशीत मनाच्या दुखण्यानं बेजार होऊन त्यानं 1734 साली एका वैद्याला लांबलचक पत्र लिहिलं होतं. पुढे 1739 साली त्याचा मोठा ग्रंथ निघाला. त्यात एका ठिकाणी तो कबूल करतो की संशयाच्या या विचारांनी आपल्याभोवती अंधार दाटतो, बुद्धी त्यावर काही उपाय करू शकत नाही, आणि मित्रांबरोबर जेवण, गप्पा, सोंगट्यांचा डाव झाला की तेच विचार थंड आणि ओढूनताणून आणलेले वाटू लागतात. एक बगदादचा श्रद्धावान, दुसरा एडिंबरोचा संशयवादी. दोघांचाही अनुभव एकच: यातून माणूस सिद्धतेच्या जोरावर बाहेर येत नाही.

जग माझ्या मनाबाहेर आहे हे शंभर टक्के सिद्ध करून दाखवा, असं कुणी हटून बसलं तर तसा पुरावा माझ्यापाशी नाही. जो पुरावा द्यावा, तोही तुमच्या मनानंच पाहायचा. पण जग नाही याचाही पुरावा कुणापाशी नाही. आणि रोजच्या आयुष्यात असा पुरावा आपण कशासाठीच मागत नाही. आई आपल्यावर माया करते हे कुणी सिद्धांतासारखं सिद्ध करून घेतलं आहे?

मराठी घरांत इथे आणखी एक अडचण उभी राहते. मुलगा धीर करून सांगतो की सगळं खोटं वाटतंय, आणि घरातलं वडीलधारं माणूस चांगल्या हेतूनं म्हणतं, अरे, जग मिथ्याच आहे, सगळी माया! बुडणाऱ्याला पाण्याचं वर्णन ऐकवावं, तसं हे आहे. शिवाय ज्या शंकराचार्यांच्या नावावर हे खपवलं जातं, त्यांनी स्वतः काय लिहिलंय? ब्रह्मसूत्रावरच्या भाष्यात, दुसऱ्या अध्यायात, बाहेर वस्तू नाहीतच, फक्त मनातलं ज्ञान आहे, असं मानणाऱ्या विज्ञानवादी बौद्धांशी त्यांचा वाद आहे. त्यात ते बजावतात की खांब दिसतो, भिंत दिसते, तेव्हा आपल्याला खांब आणि भिंतच दिसते, आपलं ज्ञान दिसत नाही. जेवून तृप्त होत असलेल्या माणसानंच मी जेवत नाही, मला तृप्ती नाही, असं म्हणावं, तशी त्यांना ही भूमिका वाटते. जागेपण स्वप्नासारखं नाही, हेही ते लगेच पुढे सांगतात, कारण स्वप्न जाग आल्यावर खोटं ठरतं, खांब तसा ठरत नाही. अद्वैताचं मिथ्यात्व त्या पलीकडचं आहे, आणि भेदरलेल्या पोराला ते ऐकवायचं कारण नाही. आपल्या ज्ञानोबांनी तर ‘अमृतानुभवा’त अज्ञानाचंच खंडन केलं आणि जगाला चैतन्याचा विलास मानलं. त्यांच्या दर्शनात जगाचा धाक नाही, आनंद आहे.

विज्ञानवाद्यांनाही दुसऱ्या माणसाचा प्रश्न टाळता आला नाही, हे मला विलक्षण वाटतं. सातव्या शतकातल्या धर्मकीर्तीनं आपल्याखेरीज इतरांनाही मन असतं हे दाखवण्यासाठी स्वतंत्र छोटा ग्रंथ लिहिला. त्याचं नाव ‘संतानान्तरसिद्धि’. तो आज आपल्यापर्यंत पोचला आहे तो तिबेटी अनुवादामुळे. बाह्य वस्तूंवर पाणी सोडायला तयार असलेला तत्त्वज्ञ, शेजारच्या माणसाचं मन मात्र सोडायला तयार नाही!

हैदराबादला या विषयावर बोलताना रामचंद्र गांधींची आठवण काढल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. महात्माजींचे हे नातू, देवदास गांधींचे चिरंजीव. ऑक्सफर्डला तत्त्वज्ञ स्ट्रॉसन यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली. हैदराबाद विद्यापीठ 1974 साली स्थापन झालं. तिथला तत्त्वज्ञान विभाग रामचंद्र गांधींनी उभा केला. माणसं एकमेकांशी बोलतात तेव्हा काय काय गृहीत धरलेलं असतं, या विषयावर त्यांचं पुस्तक त्याच 1974 साली निघालं. पुढे 1984 साली ‘आय ॲम दाऊ’, म्हणजे ‘मी तूच आहे’, हे पुस्तक आलं, तेही आपल्या पुण्याहून, ‘इंडियन फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’च्या प्रकाशनमालेत. हे शीर्षकच मला औषधासारखं वाटतं. ‘मी एकटाच आहे, तू नाहीस’ असं ही भीती म्हणते. ‘तू आहेस, आणि तू मला परका नाहीस’ असं अद्वैत म्हणतं. दोन्हींत एकपणच आहे, पण पहिल्यात माणूस कोंडला जातो आणि दुसऱ्यात मोकळा होतो.

त्यांचाच धागा धरून मी म्हणते की दुसऱ्याचं अस्तित्व आपण आधी सिद्ध करतो आणि मग त्याच्याशी बोलतो, असं कधी होतच नाही. हाक आधी असते. तान्हं मूल रडतं ते कुणीतरी येईल म्हणून. मी या मायक्रोफोनसमोर बसले आहे, तुमच्यापैकी एकही चेहरा मला दिसत नाही, तरी ‘तुम्ही’ म्हटल्याशिवाय माझं एक वाक्य पुरं होत नाही. गोवळकोंड्याला गेला असाल तर फतेह दरवाज्याच्या घुमटाखाली टाळी वाजवणारे लोक तुम्ही पाहिले असतील. ती टाळी जवळजवळ किलोमीटरभर दूर, वर किल्ल्याच्या माथ्यावरच्या बालाहिसारला ऐकू जाते. खाली टाळी वाजवणाऱ्याला ती वरून कशी ऐकू येते ते कळणार नाही. वर कुणीतरी उभं राहिलं पाहिजे आणि खाली येऊन सांगितलं पाहिजे की हो, आली. या भीतीत बुडालेला माणूस घुमटाखाली उभा राहून स्वतःच वाजवतो आणि स्वतःच कान देतो. म्हणून त्याला खात्री मिळत नाही.

मग करायचं काय? पहिलं म्हणजे वाद थांबवायचा. मन म्हणेल, सिद्ध कर. आपण म्हणायचं, प्रश्न राहू दे, मला आता भाजी चिरायची आहे. हे पळून जाणं नव्हे. ज्याला सारखी खात्री करून घ्यायची सवय लागते, त्याला मिळालेली खात्री पाच मिनिटं टिकते आणि मग ‘पण’ येतो. मग पुन्हा मोबाइलवर शोध, पुन्हा मित्राला तेच विचारणं, पुन्हा भिंतीला हात लावून पाहणं. कुणी सांगतं की पायाखालची फरशी जाणवू दे, थंड पाण्यानं तोंड धू, आजूबाजूचे पाच आवाज मोज. धडधड वाढलेली असताना हे चांगलं आहे, जरूर करा. पण जग आहे की नाही ते तपासायला म्हणून करू नका, नाहीतर तेही त्या चक्रातलंच एक होऊन बसतं. झोप सांभाळा, वेळेवर जेवा, गांजा-दारूपासून दूर राहा. प्रश्न मनात असतानाच क्लासला जा, मेट्रोत बसा, घरी फोन करा. बरं वाटल्यावर जाईन म्हणाल तर घराबाहेर पडायचा दिवस लांबत जाईल.

दुसरं म्हणजे डॉक्टर. काही वेळा फिट्स किंवा मायग्रेनमुळेही असं वाटतं, म्हणून एकदा तपासून घ्यावं. विचारांच्या या चक्रातून बाहेर पडण्यासाठी समुपदेशनाच्या चांगल्या पद्धती आहेत, चिंतेवर औषधंही आहेत. कानात आवाज येत असतील, जग खोटं असल्याची पक्की खात्री वाटत असेल, किंवा जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येत असेल, तर एक दिवसही थांबू नका.

घरच्यांना माझी हात जोडून विनंती आहे. मुलानं सांगितलं की सगळं खोटं वाटतंय, तर हसू नका, प्रवचन देऊ नका, आणि दर तासाला ‘आता खरं वाटतंय का?’ असं विचारूही नका. ‘तुला भीती वाटतेय, मी आहे, चल जेवायला’ एवढं म्हणा आणि खरोखरच जेवायला बसवा.

आणि तू, जो हे एकट्यानं ऐकतो आहेस किंवा ऐकते आहेस, आज रात्री एका तरी माणसाला हे सांग. ओळखीच्या माणसाला सांगायचा धीर होत नसेल तर सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा आहे. ऑक्टोबर 2022 पासून ती सुरू आहे, दिवसरात्र चालू असते, फुकट आहे, आणि तिथे मराठीतूनही बोलता येतं. नंबर लिहून घे: 14416.