पाणी आणणारी बाई, नळ जोडणारा बाप्या

(धाराशिव जिल्ह्यातील महिला गटांच्या मेळाव्यात एका कार्यकर्तीने केलेले भाषण)



आज मला प्लंबरच्या कमाईवर बोलायला सांगितलं, तेव्हा काहीजणी हसल्या. बचत गटाच्या मेळाव्यात पापड, शिलाई, शेळ्या हे विषय असतात, त्यात नळाचा पाना कुठून आला? पण पाण्याशी आपल्याइतका संबंध कुणाचा आहे? भूम-परांड्यापासून उमरग्यापर्यंत या जिल्ह्यात उन्हाळा म्हणजे घागरी, टँकर आणि रांगा. हे काम आपण पिढ्यान्‌पिढ्या केलं आणि त्याचा रोज कुणी दिला नाही. आता तेच पाणी पाइपातून येऊ लागलं आणि पाइप जोडणाऱ्याला पैसे मिळू लागले. तेव्हा ते काम पुरुषाचं झालं! काम फुकटचं असेल तर बाईचं, दामाचं असेल तर बाप्याचं, हा हिशेब आज मांडायचा आहे.

लोहारा तालुक्यातल्या एका ताईची गोष्ट सांगते. नवरा नळाची कामं घ्यायचा आणि ही त्याच्या हाताखाली. पाइप धरायचा, माप घ्यायचं, एल्बो-टी हातात द्यायचे, सोल्युशन लावायचं. दहा वर्षांत सगळं शिकली. नवऱ्याचा पाय मोडला तेव्हा हातातलं काम तिने एकटीने पुरं केलं. एकही जोड गळला नाही. पैसे मागायला गेली तर घरमालक म्हणाला, "मालक बरे झाले की त्यांच्याशी बोलतो, तुम्हाला बाईचा रोज देतो." काम मिस्त्रीचं आणि रोज बिगारी बाईचा. ती मला म्हणाली, "ताई, जोडाला कळतं का हो, बाईने जोडला का गड्याने?"

आता पैशाचं बघू. प्लंबरला पैसे तीन तऱ्हांनी मिळतात. एक, रोजाने. दोन, पॉइंटवर, म्हणजे एका नळाचे किंवा एका जोडणीचे इतके, असा दर. तीन, गुत्त्याने, म्हणजे अख्ख्या घराचं काम ठरवून घ्यायचं. समजा, एका घराच्या मजुरीचं गुत्तं 9,000 रुपयांना ठरलं. मिस्त्री आणि एक हेल्पर, चार दिवसांचं काम. हेल्परला 400 रुपये रोज, म्हणजे 1,600 गेले. पेट्रोल, ब्लेड, किरकोळ खर्च 900. उरले 6,500. मिस्त्रीला दिवसाला सोळाशेच्या वर पडले आणि हेल्परला चारशे. हे आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. तुम्ही आपल्या गावात विचारून खरे आकडे घाला, फरक तसाच दिसेल. शिवाय सामान कोणत्या दुकानातून घ्यायचं हे मिस्त्री सांगतो, त्याचं कमिशन अनेकदा त्यालाच मिळतं.

पण मिस्त्रीचाही महिना सगळा भरत नाही. बांधकामं उन्हाळ्यात जोरात आणि पावसाळ्यात थंड. म्हणून कमाई दोन गोष्टींवर ठरते: दर किती आणि कामाचे दिवस किती. दर वाढतो कसबाने आणि दिवस वाढतात ओळखीने. बाईला या दोन्हींपासून दूर ठेवलं जातं. कसब तिला शिकवत नाहीत आणि ओळखी होतात चौकात, हॉटेलात, जिथे तिने उभं राहायचं नसतं.

कुणी म्हणेल, हे ताकदीचं काम आहे. पूर्वी लोखंडी जीआय पाइपाला डाय लावून आटे पाडावे लागत, त्याला जोर लागे हे खरं. पण आता घरांत बहुतेक पीव्हीसी, सीपीव्हीसी पाइप असतात. आरीने सरळ कापायचा, सोल्युशन लावायचं, जोड नीट बसवून धरायचा आणि सुकू द्यायचा. यात अचूक माप लागतं आणि धीर लागतो. आणि दोन घागरी डोक्यावर, एक कडेवर घेऊन चढ चढणाऱ्या बाईला ताकद नाही, असं म्हणणाऱ्याने एकदा ती घागर उचलून पाहावी!

बाईला ही कामं येत नाहीत, हेही खोटं ठरलेलं आहे. आपला हापसाच घ्या. जालना आणि सोलापूर इथे मजबूत हापसे घडवले गेले आणि सोलापूरच्या नमुन्यावरून पुढे देशभर गेलेला इंडिया मार्क टू पंप तयार झाला. म्हणजे तो आपल्या शेजारचाच. तो हापसत आलो आपण, पण दुरुस्त करायला पाना घेऊन यायचा तो गडी. मात्र उत्तर प्रदेशात बांदा जिल्ह्यात 1990 नंतर महिला समाख्या कार्यक्रमात दलित आणि कोल आदिवासी बायका हापसे दुरुस्त करायला शिकल्या. अनेकींना अक्षरओळख नव्हती. पण जमिनीतून पाइप वर काढून त्या वायसर बदलू लागल्या. ज्या वस्तीत त्यांना हापशाला शिवू देत नव्हते, तिथेही दुरुस्तीला त्यांनाच बोलवावं लागलं.

आणि आपला भूकंप? 30 सप्टेंबर 1993 ची पहाट इथे कुणी विसरलेलं नाही. त्यानंतर घरदुरुस्तीच्या सरकारी कार्यक्रमात लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत महिला मंडळातल्या बायका गावोगाव संवाद सहायक झाल्या. सिमेंटचं प्रमाण, भिंतीला बांधायचा पट्टा, खर्चाचा हिशेब त्या शिकल्या आणि घरोघरी समजावून सांगू लागल्या. इंजिनियरला जाब विचारू लागल्या. मग नळाचा जोड काय अवघड आहे?

तेव्हा कमाई वाढवायची कशी, ते आता सांगते.

पहिली गोष्ट, हेल्पर म्हणून अडकून राहू नका. सरकारी किमान वेतनात कुशल, अर्धकुशल आणि अकुशल असे तीन दर असतात. बाईचं नाव कायम अकुशलमध्ये घालतात, तीच खरी चोरी. बाईला कमी, गड्याला जास्त असं उघड लिहिता येत नाही. 1976 च्या समान वेतन कायद्याने ते बंद केलं आणि 2019 च्या वेतन संहितेतही तीच तरतूद आहे. म्हणून मग कामाचं नाव बदलतात. हजेरीपुस्तकात आपल्या नावापुढे काय लिहिलंय, ते वाचा. वाचता येत नसेल तर मुलीकडून वाचून घ्या.

दुसरी, कागद हातात घ्या. आयटीआयमध्ये प्लंबरचा एक वर्षाचा कोर्स आहे, तिथे आपल्या मुली पाठवा. ज्यांना काम आधीच येतं, त्यांची परीक्षा घेऊन दाखला देण्याची सोयही सरकारी कौशल्य योजनेत झाली, तिची चौकशी करा. आणि वर्षात 90 दिवस बांधकामावर काम केलं असेल तर बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करा. नळजोडणी हेही बांधकामच आहे. नोंदणी नवऱ्याची झाली म्हणून आपली नको, असं मुळीच नाही.

तिसरी, माप आणि अंदाजपत्रक शिका. पाइप किती फूट, जोड किती, मजुरी किती, हे कागदावर मांडता आलं की गुत्तं घेता येतं. जिला गुत्तं घेता येतं, ती दुसऱ्याच्या रोजावर राहत नाही.

चौथी, एकटीने जाऊ नका, गटाने जा. पाइप रेंच, आरी, पाने असा संच गटाच्या पैशातून घ्या. दोघी-दोघींनी कामाला जा. त्याने भीती कमी होते आणि दर पाडून मागणाऱ्याचं तोंडही बंद होतं. दर एकत्र बसून ठरवा आणि कुणीही त्याखाली काम घेऊ नये. घरात एकट्या असणाऱ्या बायका, अंगणवाड्या, मुलींची वसतिगृहं यांना बाई प्लंबर हवीच असते. तिथे वर्षभराच्या देखभालीचा करार मागा. तुळजापुरात नवरात्राच्या आधी किती लॉज आणि धर्मशाळांचे नळ दुरुस्त होतात! ते काम आपण का मागू नये?

पाचवी, ग्रामपंचायतीत बोला. 2019 पासूनच्या जलजीवन मिशनमध्ये घरोघरी नळ आले. त्याच्या नियमांत गावच्या पाणी समितीत निम्म्या बायका हव्यात आणि गावातल्याच लोकांना प्लंबर, पंपचालक म्हणून तयार करायचं, असं आहे. पाणी तपासायला मात्र गावागावात पाच-पाच बायका निवडायच्या, असं ठरलं. पाहिलंत? किट घेऊन पाणी तपासायला बाई आणि नळदुरुस्तीच्या पगाराला सरपंचाचा पुतण्या. माझ्या माहितीच्या एका गावात नेमकं असंच झालं. समितीतल्या बायकांनी सही करण्यापूर्वी विचारलं असतं, "देखभालीचा पैसा कुणाला जाणार?", तर तो ठराव वेगळा झाला असता.

शेवटी एक सावधगिरी. बाहेर चार पैसे मिळू लागले आणि घरी स्वयंपाक, धुणं, पाणी सगळं तसंच राहिलं, तर ही कमाई नव्हे, दुहेरी ओझं होईल. आणि मिळालेला पैसा नवऱ्याच्या खिशात गेला, तर लोहाऱ्याच्या ताईत आणि आपल्यात काय फरक राहिला? पैसा आपल्या नावाच्या खात्यावर घ्या.

त्या ताईने पुढे काय केलं, ते सांगते. पुढच्या कामाला तिने आधी कागदावर दर लिहून सही घेतली आणि मगच पिशवीतून पाना काढला. आज जेवायच्या सुट्टीत प्रत्येक गटाने दोन नावं लिहून द्यावीत, शिकायला तयार असणाऱ्यांची. घागर आपण पुष्कळ वाहिली. आता पाना हातात घेऊ या!