सुटलेला व्यायाम पुन्हां धरतांना

मार्गशीर्षांत थंडी पडूं लागली कीं शहरांतल्या अनेक घरांत एक जुना संकल्प जागा होतो. पंचेचाळिशी ओलांडलेले एखादे गृहस्थ पहांटे उठतात, माळ्यावरची लाकडी जोडी खालीं काढतात आणि तिच्यावरची धूळ पुसतात. विशींत ते नेमानें तालमींत जात. शंभर जोर आणि दोनशें बैठका हा त्यांचा रोजचा परिपाठ होता. पुढें नोकरी, संसार आणि बदल्या यांत व्यायाम सुटला तो सुटलाच. आज पंचवीस वर्षांनीं ते शंभर बैठकांचा निश्चय करतात, आणि नवल असें कीं, पहिल्या दिवशीं त्या कशाबशा पुऱ्याहि होतात. खरा प्रसंग गुदरतो तो पुढच्या दोन दिवसांत. जिना उतरतांना कठड्याला धरावें लागतें, खुर्चीवरून उठतांना हात टेकावा लागतो, आणि घरांतल्या मंडळींना हंसूं आवरत नाहीं. जोडी पुन्हां माळ्यावर जाते. व्यायाम आतां वयाला झेपत नाहीं, असा निकाल ते गृहस्थ देऊन टाकतात. आणि चूक होते ती या निकालांतच.

वय किती दोषी आणि स्वस्थ बसणें किती दोषी, या प्रश्नाचा छडा अमेरिकेंतील डॅलस येथील संशोधकांनीं मोठ्या चिकाटीनें लावला. १९६६ सालीं तेथें विशीच्या पांच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर निजवून ठेवण्यांत आलें. अंगांत कसलाहि रोग नसतां, केवळ पडून राहिल्यानें, श्रम करतांना प्राणवायु वापरण्याची त्यांची कमाल शक्ति सुमारें एक चतुर्थांशानें घटली. पुढें आठ आठवडे कसून व्यायाम केल्यावर ती भरून आली आणि पूर्वींच्या पातळीच्याहि वर गेली. तीस वर्षांनीं, १९९६ सालीं, त्याच पांच जणांना पुन्हां तपासण्यांत आलें. सरासरी वजन ७७ किलोंवरून १०० किलोंवर गेलें होतें. शरीरांतील चरबीचें प्रमाण शेंकडा १४ होतें तें २८ झालें होतें. परंतु त्यांची श्रमशक्ति या तीस वर्षांत जितकी घटली होती, त्याच्या दुपटीनें ती तारुण्यांतल्या त्या तीन आठवड्यांत घटली होती!

यानंतर त्या पन्नाशीच्या गृहस्थांना सहा महिने चालणें, हळूं धांवणें आणि सायकल चालविणें असा व्यायाम देण्यांत आला. आरंभ अगदीं थोड्यावरून झाला, आणि वाढवीत वाढवीत तो आठवड्याला साडेचार तासांच्या आसपास नेला. सहा महिन्यांअखेर त्यांची श्रमशक्ति विशींतल्या, निजविण्यापूर्वींच्या, पातळीवर परत आली. तरुणपणीं कसून व्यायाम करून गांठलेली उंची मात्र एकालाहि पुन्हां गांठतां आली नाहीं, आणि वजन सरासरी चार-पांच किलोंच्या वर उतरलें नाहीं. पांच माणसांवरून साऱ्या मनुष्यजातीचा निवाडा करतां येत नाहीं, हें खरें. पण तींच माणसें तीस वर्षांच्या अंतरानें तपासण्याचा योग विरळाच.

मग शंभर बैठकांनीं घात कां केला? बैठकेंत खालीं जातांना मांडीचा स्नायु ताणला जात असतां अंगाचा भार तोलून धरतो. संवय मोडलेल्या स्नायूचे सूक्ष्म तंतु अशा वेळीं दुखावतात, आणि ती वेदना त्याच दिवशीं न येतां पुढचे दोन-तीन दिवस वाढत राहते. विशीच्या मुलालाहि हें चुकत नाहीं. उलट, पहिल्या दिवशीं दहाच बैठका काढल्या, तर तेवढ्यानेंहि स्नायु सावध होतो आणि पुढच्या खेपेस कमी दुखावतो. मनाला जुना आंकडा आठवतो, आणि सगळा घोंटाळा तेथूनच सुरू होतो. स्नायु कांहीं आठवड्यांत बळावतात; त्यांना हाडांशीं जोडणाऱ्या कंडरांना मात्र महिने लागतात. म्हणून टांचेच्या आणि खांद्याच्या तक्रारी पुष्कळदां दुसऱ्या महिन्यांत, उत्साह ऐन भरांत असतां उद्भवतात.

एक गोष्ट मात्र हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. अतिश्रमानंतर अंग विलक्षण दुखूं लागलें आणि लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली, तर दुखावलेल्या स्नायूंतील द्रव्यें रक्तांत उतरून मूत्रपिंडांवर आघात करीत असण्याचा संभव असतो. अशा वेळीं त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. छातींत दडपण किंवा घेरी आली, तर व्यायाम तत्काळ थांबवून वैद्यकीय मदत घ्यावी. मधुमेह, रक्तदाब वा हृदयविकार असणाऱ्यांनीं तर आरंभींच डॉक्टरांचा सल्ला घेतलेला बरा.

अर्ध्या शक्तीनेंच व्यायाम करावा, असें सुश्रुत आणि वाग्भट या दोघांनींहि सांगून ठेवलें आहे. ती अर्धी शक्ति ओळखण्याची सुश्रुतानें सांगितलेली खूण म्हणजे श्वास तोंडावाटे येऊं लागणें. आजचे डॉक्टर जवळजवळ तीच कसोटी निराळ्या रीतीनें सांगतात: चालतांना बोलतां यावें, पण गातां येऊं नये.

घरकामांत व्यायाम होतोच, असें सांगून गृहिणींना या विचारांतून वगळण्याची रीत आहे. घरकामानें थकवा येतो, यांत शंका नाहीं; पण ओट्यापाशीं तासन्‌तास उभें राहिल्यानें श्वासाची गति कितीशी वाढते? पहिले दोन-तीन आठवडे पतिपत्नींनीं सकाळीं अर्धा तास मिळून चालावें, म्हणजे डॉक्टरांची कसोटी आपोआप लागते. गप्पा तुटूं लागल्या कीं वेग कमी करावा. एखाद्यानें गाणें गुणगुणावयास घेतलें कीं पाऊल उचलावें. घरीं परतल्यावर गृहस्थांनीं दहा बैठका काढाव्यात आणि पुढच्या आठवड्यांत दोन वाढवाव्यात. जोडी होळीपर्यंत माळ्यावरच राहिली तरी चालेल.