होडीला कापड चढवताना
(मासिक बैठकीतलं बोलणं)



चांदवडला होडी कशाला, असं वाटेल. पण शेततळ्यात मासे सोडले की खाद्य टाकायला लहान होडी कामी येते. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी गटाच्या ताई २०१७ पासून पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात. म्हणजे होडी बायकांच्या हाताला परकी नाही.

प्लायवूडच्या होडीवर फायबरचं कापड इपॉक्सीनं चिकटवतात, मग लाकडात पाणी मुरत नाही. लाकूड आधी खडखडीत वाळलेलं हवं. इपॉक्सी म्हणजे एम-सीलसारखंच, दोन भागांचं: रेझिन आणि हार्डनर. डब्यावर लिहिलेल्या मापानंच घ्या. लवकर वाळावं म्हणून हार्डनर वाढवलं, तर ते चिकटच राहतं. थोडं थोडंच कालवा; डब्यात साठून राहिलं तर तापतं, धूरही निघतो. कापड नीट भिजलं की खालचं लाकूड दिसतं. पांढरं दिसलं तर तिथं हवा राहिली, ती दाबून काढा.

आणि हातमोजे! शिकताना मी उघड्या हातानं काम केलं, पंधरा दिवस हात खाजत होते. ही ॲलर्जी एकदा जडली की जन्मभर राहू शकते. वाळल्यावर घासताना मास्क लावाच.

होडी दुसरी करता येईल, बायांनो. हात दुसरे मिळत नाहीत.